शिवल्यानं होत नाही, सांभाळल्यानं आटोक्यात राहतो



आजचा विषय आहे सोरायसिस. कोपरावर, गुडघ्यावर, कमरेच्या मागं, डोक्यात केसांच्या कडेनं लालसर जाड चट्टे उठतात. त्यावर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे धरतात, खाज येते, अंथरूण झाडलं की कोंडा पडतो. तो हा आजार. गावात त्याला कुणी नायटा म्हणतं, कुणी इसब म्हणतं, आणि कुणी आवाज खाली करून महारोग म्हणतं. नाव चुकलं की औषध चुकतं. त्याहून वाईट म्हणजे माणसांची वागणूक चुकते.

बचत गटात पापड लाटायचं काम निघालं की अशा बाईला "तू आज हिशेब लिही" म्हणून बाजूला बसवतात. हळदी-कुंकवाला बोलावतात, पण वाण हातात देत नाहीत, समोर ठेवतात. घरात मुलीचं लग्न ठरत आलं की आईला लांब बाह्यांचं झंपर शिवायला सांगतात. म्हणून पहिली गोष्ट अगदी उघड सांगते. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला होत नाही. हात धरल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, एका अंथरुणात झोपल्यानं होत नाही, आईच्या दुधातून बाळाला होत नाही. त्यात जंतूच नसतो, मग लागणार काय?

मग तो होतो कशानं? आपली कातडी रोज थोडी थोडी झडते आणि खालून नवी येते. नवी पेशी तळातून वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते सात दिवसांत होतं. जुनी झडायच्या आत नवी येऊन थडकते, थरावर थर साचतात, त्याचे पापुद्रे होतात. ही घाई का होते? आपल्या शरीरात रोगाशी लढणारी जी ताकद असते, ती चुकून स्वतःच्याच कातडीवर उलटते म्हणून. हा कल घराण्यातून येऊ शकतो. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. हे पाप नाही, करणी नाही, कुणाचा शाप नाही, आणि अंघोळ न केल्याची घाणही नाही.

महारोगाशी त्याची गल्लत होण्यामागं एक जुनं कारण आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'कुष्ठ' हा शब्द कातडीच्या अनेक विकारांसाठी वापरला आहे, त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत. पुढं बोलण्यात तोच शब्द एका रोगाला चिकटला, आणि बाकीचे चट्टेवाले लोकही त्या नावाखाली भरडले गेले. खरं तर कुष्ठरोगाचीही भीती धरायचं आता कारण नाही. सरकारी दवाखान्यात सहा महिने किंवा वर्षभर औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. २०१९ साली कायद्यात बदल झाला, तेव्हापासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही. सोरायसिसचं तर त्या यादीत नावही नाही. तेव्हा "तुझ्या अंगावर चट्टे आलेत, माहेरी जा" असं कुणी म्हणालं, तर त्याला ना वैद्यकाचा आधार आहे ना कायद्याचा.

आता ओळखायचं कसं? कुष्ठरोगाचा चट्टा बहुतेक वेळा फिका किंवा तांबूस असतो आणि तिथं स्पर्श कळत नाही, बधिर लागतं. सोरायसिसच्या चट्ट्याला स्पर्श नीट कळतो, खाजही येते. नायटा म्हणजे गजकर्ण गोल असतो, कडेला चढलेला आणि मधे निवळलेला. तो मात्र एकाचा दुसऱ्याला होतो, घरात दोघातिघांना एकदम दिसतो. सोरायसिसचा चट्टा सगळीकडून सारखा जाड असतो. पुष्कळदा नखांवरही खूण असते, म्हणजे टाचणी टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख पिवळट होऊन टोकाकडून सुटतं. काहींना तळहात आणि तळपायांवरच होतो, जाड कातडी फुटून भेगा पडतात. काहींना स्तनाखाली, काखेत, जांघेत होतो, तिथं पापुद्रे नसतात, नुसता लाल गुळगुळीत चट्टा असतो. तो घामोळं किंवा बुरशी समजून महिनोन्‌महिने पावडर लावली जाते. शेवटचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. पण चट्टा दोन-तीन आठवड्यांत हटला नाही तर दाखवायचाच, एवढं ठरवून टाका.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. हा आजार मुळासकट जात नाही. चट्टे जातात, महिनोन्‌महिने अंग स्वच्छ राहतं, पुन्हा कधी तरी उठतात. रक्तदाब, मधुमेह आपण सांभाळतो तसा तो सांभाळायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं २०१४ साली ठराव करून हेच सांगितलं, की हा दीर्घकाळ राहणारा, न लागणारा, त्रासदायक आजार आहे आणि अशा लोकांना वाळीत टाकणं थांबलं पाहिजे. म्हणून "मुळापासून घालवतो, तीन महिन्यांची गॅरंटी" असं जो सांगतो, त्याच्याकडं पैसे देऊ नका.

आता घरी काय करायचं ते बघू. यातलं बरंच काही कमी पैशात होतं.

सगळ्यात मोठं काम कातडी ओली आणि मऊ ठेवण्याचं. अंघोळीला कडकडीत पाणी नको, कोमट घ्या. साबण कमी आणि सौम्य. कपडे धुवायची वडी अंगाला लावू नका. पापुद्रे काढायला वजरी, दगड, नारळाची शेंडी अजिबात नको. अंग टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि अंग थोडं ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावायची. पाणी आत कोंडून राहिलं की कातडी फुटत नाही, खाज कमी होते. दिवसातून दोन-तीनदा लावलं तर उत्तम. डोक्यात असेल तर रात्री खोबरेल तेल लावून ठेवा, सकाळी पापुद्रे मऊ झाले की रुंद दातांच्या कंगव्यानं अलगद सोडवा आणि धुवा. नखानं उपटू नका.

चुलीपाशी काम करणाऱ्या बायांसाठी एक सावधगिरी. तेल, जेली, मलम कपड्यात मुरलं की ते कापड लवकर पेट घेतं. मलम लावून लगेच चुलीपुढं बसू नका, पदर खोचून घ्या, आणि मलम लागलेलं लुगडं वरचेवर धुवा.

ऊन चांगलं का? होय, थोडं ऊन बहुतेकांना मानवतं. पण शेतात राबणारी बाई म्हणेल, मी तर दिवसभर उन्हातच असते. खरं आहे, पण ऊन तोंडाला आणि हाताला लागतं. चट्टे असतात ते कोपराला, गुडघ्याला, पाठीला, कपड्याखाली. आडोशाला बसून त्याच जागी दहा-पंधरा मिनिटं ऊन द्या. कातडी लाल होईपर्यंत, चुरचुरेपर्यंत बसायचं नाही. भाजली तर चट्टे वाढतात. काहींना उन्हानंच त्रास होतो, त्यांनी हे करू नये.

आता झाडपाल्याविषयी. कोरफडीचा गर लावल्यानं आग आणि खाज काहींना कमी वाटते. थोड्या लोकांवर झालेल्या तपासण्यांत थोडा फायदाही दिसला आहे. ताजा गर घ्यायचा, पिवळा चीक निथळून टाकायचा, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. पुरळ आलं तर सोडून द्यायचं. तमिळनाडूकडं सिद्ध वैद्यकात काळ्या कुड्याचा पाला खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात. ते जांभळट तेल सोरायसिसला लावायची तिथं चांगलीच रीत आहे, चेन्नईच्या सरकारी सिद्ध संस्थेनं त्याचा वापर केलेला आहे. वापरायचं असेल तर वैद्याच्या सल्ल्यानं वापरा. कडुनिंब आणि हळद आपल्या घरच्याच आहेत, पण त्यांनी सोरायसिस हटतो असा भक्कम पुरावा नाही. लावायचं तर लावा, पण डॉक्टरांचं औषध बंद करून नको.

मात्र तीन गोष्टी चट्ट्याच्या जवळही नेऊ नका. पहिला बिब्बा. दुसरा रुईचा चीक. तिसरी बावची. बिब्बा आणि चीक कातडी जाळतात. आणि सोरायसिसचा एक वाईट गुण असा, की जिथं कातडीला इजा होते तिथं नवा चट्टा उठतो. भाजलं, खरचटलं, गोंदलं, कान टोचला, परकराची नाडी कमरेला काचली, बांगडी घासली, चपलेचा पट्टा लागला, की त्याच रेघेवर चट्टा येऊ शकतो. म्हणून जाळून चट्टा घालवायला गेलं की एकाचे दोन होतात, डाग दिला तरी तेच. बावचीची गोष्ट वेगळी. तिच्या बियांत असं द्रव्य आहे की ते लावून ऊन घेतलं की कातडी फार लवकर भाजते. हाच गुण मोजून-मापून वापरून डॉक्टरांनी दवा आणि प्रकाश मिळून एक उपचार बसवला आहे. तिथं किती सेकंद प्रकाश द्यायचा ते यंत्रावर ठरतं. आपल्या अंगणात ते कोण मोजणार? फोड येतात, मोठ्या जखमा होतात.

पथ्याचं नेहमी विचारलं जातं. वांगं खाऊ का, दूध चालेल का, आंबट सोडू का? अमुक एक पदार्थ सोडला की सोरायसिस जातो असं सिद्ध झालेलं नाही. बाईनं डाळ, दूध, अंडी सोडून स्वतःला अशक्त करू नये. एखादी गोष्ट खाल्ली की दरवेळी तुम्हालाच त्रास वाढतो असं दिसलं तर तेवढी टाळा. दारू आणि बिडी-सिगारेट मात्र खरोखर आजार वाढवतात. वजन जास्त असेल तर ते कमी केल्यानं चट्टेही कमी होतात आणि औषधही नीट लागू पडतं. या आजाराच्या माणसांना मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास जास्त आढळतो, म्हणून वर्षातून एकदा तरी साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात तपासून घ्या.

आता डॉक्टरांच्या औषधांकडं येऊ. चट्टे थोडे असतील तर लावायच्या औषधांवर भागतं. पापुद्रे उतरवायला सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम असतं. डांबरापासून केलेलं मलम आणि शाम्पू असतो. वास येतो, कपड्याला डाग पडतो, म्हणून रात्री जुनं लुगडं नेसून लावा. ड जीवनसत्त्वापासून केलेलं एक मलम असतं. आणि स्टेरॉइडचं मलम असतं. स्टेरॉइड वाईट नाही, ते लवकर आराम देतं, पण किती लावायचं, कुठं लावायचं आणि कधी थांबायचं हे डॉक्टरांनी सांगायचं असतं. तोंडाला, काखेत, जांघेत जोरदार मलम लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते. माप सोपं आहे. ट्यूबमधून बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढा. तेवढं मलम आपल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

मेडिकलवाल्याला हात दाखवून "खाजेची ट्यूब दे" म्हणू नका. अशा मिसळीच्या ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड असतं, आणि आजार नायट्याचा निघाला तर तो अंगभर पसरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत असा नियमच आहे.

त्याहून धोक्याची म्हणजे बिननावाची पुडी आणि झटपट बरं करणारं इंजेक्शन. पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, आणि आठ दिवसांत अंग स्वच्छ झालं, तर संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद झालं की सोरायसिस दुप्पट जोरानं उलटतो, अंगभर लाली येते, पुवाचे फोड येतात.

चट्टे अंगभर असतील तर प्रकाशाचा उपचार असतो. दवाखान्यात एका पेटीसारख्या यंत्रात उभं करून, आठवड्यातून दोन-तीन वेळा, थोडा थोडा प्रकाश देतात. पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय असते. गरोदर बाईलाही त्यातला एक प्रकार देता येतो. अडचण एसटीच्या खेपांची आणि बुडणाऱ्या मजुरीची आहे, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा की मी आठवड्यात किती वेळा येऊ शकते. त्याप्रमाणे ते दुसरा मार्ग बघतील. अलीकडं नवी इंजेक्शनंही आली आहेत. ती गुणकारी आहेत पण महाग आहेत, आणि देण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते.

पोटातून घ्यायच्या औषधांत सगळ्यात जास्त दिलं जातं ते मेथोट्रेक्सेट. ही गोळी स्वस्त आहे, चांगली आहे, पण तिचे नियम मोडले तर जीवावर बेततं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत. एक वार ठरवा, समजा गुरुवार, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, तिचे दिवस डॉक्टर सांगतील. ठरल्या वेळी रक्त तपासायचं. तोंडात फोड आले, ताप आला, धाप लागली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. सर्दी-ताप, लघवीची जळजळ अशा दुसऱ्या कशासाठी डॉक्टरकडं गेलात तरी ही गोळी सुरू आहे हे आधी सांगा. काही जंतुनाशक गोळ्या तिच्यासोबत घातक ठरतात.

तरुण बायांनी आणि त्यांच्या सासवांनीही हे लक्ष देऊन ऐका. मेथोट्रेक्सेट सुरू असताना दिवस जाता कामा नयेत. पोटातल्या बाळाला व्यंग येतं, गर्भ पडतो. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, गोळी बंद करून त्यांनी सांगितलेले महिने थांबायचं, मगच. तोवर कुटुंब नियोजनाचं साधन वापरायचं. पाळी चुकली असेल तर पुढची गोळी घेण्याआधी तपासणी करा. अ‍ॅसिट्रेटिन नावाची दुसरी एक गोळी आहे, तिच्यानंतर तर तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात. तेव्हा मूल व्हायचं असलेल्या बाईला ती शक्यतो देतच नाहीत. लाजून न सांगितलेली एक गोष्ट इथं बाळाला भोवते. एक चांगली बातमीही आहे. पुष्कळ बायांचा सोरायसिस गरोदरपणात आपोआप कमी होतो. बाळंतपणानंतर तो पुन्हा वाढू शकतो, तेव्हा घाबरायचं नाही, पण बाळाला पाजत असताना स्तनाग्राभोवती कुठलंही औषधी मलम विचारल्याशिवाय लावायचं नाही.

काही खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही. सकाळी उठल्यावर बोटं, कंबर अर्धा तासाहून जास्त आखडलेली राहतात, एखादं बोट अख्खं फुगून येतं, टाच दुखते, तर हा आजार सांध्यांत उतरलेला असू शकतो. वाताचं म्हणून तेल चोळत बसलं तर सांधे कायमचे वाकडे होतात. सगळं अंग लाल होऊन थंडी-ताप भरला किंवा अंगभर पुवाचे फोड आले, तर १०८ ला फोन करून रुग्णालयातच न्या. गरोदर बाईला असे फोड आले तर तासाचीही वाट बघू नका.

या आजारात अंगापेक्षा मन जास्त सोलवटतं. चार बायांत बसता येत नाही, नवरा जवळ येत नाही, आरशात बघवत नाही. ताण वाढला की चट्टे वाढतात, चट्टे वाढले की ताण वाढतो. झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं, तर ते बोला. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता गटाचं काम. पुढच्या बैठकीत एवढं करा. कुणाच्या हातावर चट्टे असतील तर तिला कामातून वगळू नका. तळहात फुटून भेगांतून पाणी किंवा रक्त येत असेल तर तेवढे दिवस पिठात, मसाल्यात हात घालू देऊ नका, कारण तिखट तिला झोंबतं, आणि उघडी जखम कुणाचीही असली तरी अन्नापासून दूरच ठेवायची. ते दिवस तिनं वजन करावं, पाकिटं बंद करावीत. भेगा भरल्या की पोळपाटापाशी तिची जागा तिला परत द्या. दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी गटातून थोडी उचल लागली तर द्या, आणि पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जा. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर शहरातल्या डॉक्टरांशी बोलणं होऊ शकतं. चट्टे गेल्यावर तिथं काळा किंवा पांढरा डाग राहिला तर "अजून गेलं नाही वाटतं" असं म्हणू नका. तो आजार नाही, नुसती खूण आहे, आणि महिन्यांनी तीही पुसट होते.

२९ ऑक्टोबर हा सोरायसिसचा जागतिक दिवस असतो. त्या दिवसाची वाट न बघता आजच आपल्या गल्लीतल्या त्या बाईच्या घरी जा, तिच्या हातचा चहा मागून घ्या आणि पिऊन या.